गुड नाइट, सर!

पराक्रमालाही साक्षीदार लागतो. पानिपतावर कोण कसा लढला, हे आपल्याला कळले ते कुणीतरी तेथून जिवंत परत आला आणि त्याने सांगितले म्हणून. जे कुणी पाहिलेच नाही ते बखरीत येत नाही. आणि जे बखरीत येत नाही ते घडलेच नाही असे जग खुशाल धरून चालते.

मग काळ्याकुट्ट रात्री, जमिनीपासून काही हजार फूट उंचावर, पेटलेल्या विमानाच्या पोटात एखाद्याने काही केले, तर ते पाहायचे कुणी? दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांतून गेलेल्या हजारो तरुणांच्या बाबतीत हेच झाले. ब्रिटनच्या हवाई दलाचा बाँबफेकी विमानांचा जो विभाग होता, त्याचे नाव बाँबर कमांड. त्यात सुमारे सव्वा लाख हवाई सैनिक होते. त्यांतले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस! शत्रूच्या हाती सापडलेले आणि जायबंदी झालेले वेगळेच. विमान संध्याकाळी उडे, पहाटे परत येत नसे. फळ्यावर त्याच्या नावापुढची जागा मोकळी राही, आणि घरी तार जाई : बेपत्ता. त्या विमानात शेवटच्या पाच मिनिटांत कोण रडला, कोण हसला, कुणी कुणाचा हात धरला, हे त्यांच्याबरोबरच गेले.

ही हकीकत त्यांतल्याच एकाची. तिला साक्षीदार मिळाला. मिळाला तो मात्र असा, की ज्याच्या जगण्याची आशा त्याने स्वतःच सोडली होती.

त्याचे नाव अँड्र्यू चार्ल्स मिनार्स्की. मित्र त्याला अँडी म्हणत. १४ ऑक्टोबर १९१६ रोजी कॅनडातल्या विनिपेग शहरात त्याचा जन्म झाला. आईबाप पोलंडहून पोट भरायला आलेले. विनिपेगच्या उत्तर भागात अशा कष्टकरी परदेशी कुटुंबांची मोठी वस्ती होती. पोलिश, युक्रेनी, ज्यू, सगळे तेथे दाटीवाटीने राहात. अँडी सोळा वर्षांचा असताना वडील वारले. मग घराला हातभार लावण्यासाठी पोराने एका फरच्या कपड्यांच्या कारखान्यात कातडे कापण्याचे काम धरले. चार वर्षे तो ते करीत होता. फावल्या वेळात लाकूड तासून वस्तू करायच्या, लहान लहान नमुने बनवायचे, हा त्याचा छंद. हाताने काम करणारा, बेताचे बोलणारा, पण मित्रांत थट्टेखोर असा हा गडी. आपल्याकडे गिरणगावात किंवा सदाशिवात असे दहा मुलगे आपण पाहिलेले असतात. त्यांच्यातला कोण पुढे काय करील, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेले नसते.

१९४१ च्या अखेरीस तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. वैमानिक म्हणून नव्हे, तर विमानातला बंदूकवाला म्हणून. शिक्षण पुरे झाल्यावर त्याची रवानगी इंग्लंडला झाली, आणि १९४४ च्या वसंतात तो ४१९ व्या तुकडीत दाखल झाला. या तुकडीला 'मूस' म्हणत. मूस म्हणजे कॅनडाच्या रानातले थोरले शिंगाळे हरीण. पण नाव पडले ते तुकडीचा पहिला प्रमुख जॉन फुल्टन याच्या टोपणनावावरून. तो स्वतः १९४२ मध्ये एका हल्ल्यावरून परत आला नव्हता. तुकडीचा मुक्काम इंग्लंडच्या ईशान्येस, मिडलटन सेंट जॉर्ज या गावाजवळच्या धावपट्टीवर असे.

येथे त्याची आणि पॅट ब्रोफीची गाठ पडली.

एका लँकेस्टर विमानात सात जण असत. पुढे चालक, त्याच्या शेजारी इंजिनांकडे पाहणारा, नाकाच्या टोकाशी बाँब सोडणारा, त्यांच्या मागे वाट काढणारा आणि बिनतारी यंत्रावर बसणारा. हे पाच जण एकमेकांना हात लावता येईल इतक्या जवळ. उरलेले दोघे बंदूकवाले. त्यांतला एक विमानाच्या पाठीवर, मधोमध, काचेच्या घुमटात बसे. तो मिनार्स्की. दुसरा अगदी शेपटाच्या टोकाला. तो ब्रोफी.

वाचकांनी ही शेपटाची जागा नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. फिरत्या काचघुमटात चार बंदुका, त्यांच्यामागे एक माणूस, आणि त्याच्या पाठीशी दोन सरकती दारे. घुमट फिरे तो इंजिनाच्या जोरावर नळ्यांतून येणाऱ्या तेलाच्या दाबाने. आत इतकी अडचण, की पॅराशूट अंगावर चढवून बसताच येत नसे. ते दाराबाहेर, विमानाच्या पोटात टांगून ठेवायचे. उडी मारायची वेळ आलीच तर घुमट सरळ करायचा, दारे उघडायची, मागे हात घालून पॅराशूट ओढायचे, छातीवर अडकवायचे, मग घुमट आडवा फिरवून पाठमोरे स्वतःला आकाशात झोकून द्यायचे. आग लागलेली असताना! बाहेर थंडी अशी, की वीज खेळवून तापवलेला पोशाख घातला तरी बोटे बधिर व्हावीत. सात-सात, आठ-आठ तास हा माणूस एकटा, साऱ्यांकडे पाठ करून, विमान जेथून आले त्या अंधाराकडे टक लावून बसे. रात्री शिकारीला निघालेले शत्रूचे विमान बहुधा मागूनच येई, आणि पहिल्या गोळ्या त्यालाच खाव्या लागत.

मिनार्स्की आणि ब्रोफी या दोघांचे काम एकच : पाहात राहणे. म्हणून की काय, दोघांची गट्टी जमली. ब्रोफी अधिकारी होता, मिनार्स्की दर्जाने त्याच्या खाली. भोजनगृहे वेगळी, निजायची ठिकाणे वेगळी. दोघे गावात भटकून रात्री छावणीत परत आले की निरोप घेताना मिनार्स्की एकदम टाचा जुळवी, नको इतका कडक सलाम ठोकी आणि म्हणे, "गुड नाइट, सर!" ब्रोफी हसत निघून जाई. ही थट्टा रोजचीच झाली होती. पुढे जूनमध्ये मिनार्स्कीलाही पायलट ऑफिसरचा हुद्दा मिळाला, तेव्हा या सलामाला खरे तर काही कारण उरले नव्हते. पण सवय ती सवय.

१९४४ चा जून. सहा तारखेस दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. पाय टेकला होता, पण टिकेल की नाही याची शाश्वती नव्हती. जर्मनांची कुमक आगगाड्यांनी येत होती. ती अडवायची तर रेल्वेची मोठमोठी स्थानके मोडायला हवीत. बारा तारखेच्या संध्याकाळी ४१९ व्या तुकडीला हुकूम आला तो उत्तर फ्रान्समधल्या कांब्रे येथील रेल्वेच्या यार्डाचा.

विमानाचा क्रमांक केबी ७२६, अंगावर रंगवलेली अक्षरे व्हीआर-ए. हे लँकेस्टर कॅनडातच, टोरांटोजवळच्या माल्टन येथे बांधलेले होते. चालक होता आर्ट डी ब्रेयन. या सात जणांची ही तेरावी मोहीम. आणि कांब्रेवर पोचणार मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे तेरा तारखेस. तेराचा आकडा गोऱ्या लोकांत किती अशुभ, हे सांगायला नको. आपल्याकडे मांजर आडवे गेल्यावर चार पावले मागे फिरणारे काय कमी आहेत! विमानापाशी गवतावर बसून हुकमाची वाट पाहात असताना मिनार्स्कीला चार पानांचे क्लोव्हर सापडले. क्लोव्हरला तीन पाने असतात. चार पानांचे सापडले तर दैव उघडले असे ते लोक मानतात. त्याने ते खुडले आणि ब्रोफीला दिले. स्वतःजवळ ठेवले नाही.

समुद्र ओलांडून फ्रान्सवर येताच सर्चलाइटच्या झोतांनी विमान पकडले. डी ब्रेयनने ते मुरडत, बुडी मारत अंधारात काढले. सुटलो, असे वाटले. कांब्रेवर बाँब टाकण्यासाठी विमान पाच हजार फुटांच्या आसपास खाली येत होते, तोच ब्रोफीला मागे, खालच्या अंगाला एक सावली दिसली. जर्मनांचे युंकर्स ८८! तो ओरडला. डी ब्रेयनने विमान एकदम मळसूत्रासारखे वळवायला घेतले. पण शत्रू पोटाखाली आलाच होता. गोळ्यांची फैर आरपार गेली. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने बंद पडली, डाव्या पंखातली टाकी पेटली, आणि विमानाच्या पोटात तेलाच्या नळ्या फुटून मिनार्स्की आणि ब्रोफी यांच्या दोन घुमटांच्या मधोमध आगीचा डोंब उसळला.

चालकाचा आवाज आता मागे पोचत नव्हता; बोलायच्या तारा तुटल्या होत्या. डी ब्रेयनने दिव्याचे बटण दाबून खूण केली. लांब-आखूड ठिपक्यांचे एक अक्षर : 'पी'. पी म्हणजे पॅराशूट. उड्या मारा!

पुढचे चौघे नाकाजवळच्या झडपेतून एकामागून एक बाहेर पडले, शेवटी चालक. मागच्या दोघांसाठी उजव्या बाजूचे दार होते. मिनार्स्की आपल्या घुमटातून खाली उतरला आणि त्या दारापाशी गेला. दार मोकळे होते. पॅराशूट छातीवर होते. खाली फ्रान्सची शेते होती. एक पाऊल, आणि संपले.

त्याने शेपटाकडे पाहिले.

ब्रोफी अडकला होता. त्याने मागे हात घालून पॅराशूट ओढले होते, छातीवर अडकवलेही होते. पण घुमट फिरेना. ज्या तेलाच्या दाबावर तो फिरायचा तेच तेल समोर जळत होते. मग हाताने फिरवायची मूठ त्याने धरली, जोर लावला, आणि ती मूठच मोडून हातात आली. आता ना मागे जाता येईना, ना बाहेर पडता येईना. पिंजराच तो. आणि काचेतून त्याला दिसले, की दारापाशी उभा असलेला अँडी आपल्याकडे पाहतो आहे.

मिनार्स्कीने दाराकडे पाठ केली. हातापायांवर रांगत तो त्या आगीतून शेपटाकडे निघाला. नळ्यांतले तेल त्याच्या अंगावर उडत होते; कमरेखालचे कपडे पेटले, पॅराशूट पेटले. घुमटापाशी पोचल्यावर त्याने तेथली कुऱ्हाड उचलली आणि दारावर घाव घालायला सुरुवात केली. दार हलेना. कुऱ्हाड टाकून त्याने नुसत्या हातांनी ते पत्रे ओढून पाहिले. या हातांनी चार वर्षे कातडी कापली होती, लाकूड तासले होते. पण पोलादापुढे हातांचे काय चालणार!

आत ब्रोफीला कळून चुकले होते. एकाचे मरण ठरलेले आहे, दुसरा उगाच का मरतो? तो ओरडला, जा! परत जा! इंजिनांच्या आणि आगीच्या आवाजात शब्द पोचले असतील-नसतील, म्हणून त्याने हाताने खुणा केल्या. मिनार्स्की ऐकेना. अखेर त्यालाही समजले. पण पाठ फिरवून तो गेला नाही. ब्रोफीकडे तोंड ठेवूनच, मागे मागे सरकत, तो पुन्हा त्याच आगीतून दारापाशी गेला. तेथे उभा राहिला. कपडे जळत असताना त्याने टाचा जुळवल्या, सलाम केला, आणि त्याचे ओठ हलले. ब्रोफीला ऐकू आले नाही. पण ते शब्द कोणते, हे त्याला ऐकायची गरज नव्हती. रोज रात्री ऐकत होता तो ते.

गुड नाइट, सर!

मग मिनार्स्की बाहेर पडला. खाली शेतांतल्या फ्रेंच लोकांनी आकाशातून एक पेटता माणूस उतरताना पाहिला. पॅराशूट जळत होते, तरी त्याने काही वेळ तग धरला असावा, कारण जमिनीवर आला तेव्हा मिनार्स्की जिवंत होता. गावकरी धावले. पण सारे अंग भाजले होते. काही तासांतच त्याने प्राण सोडला. वय सत्तावीस.

आणि ब्रोफी?

तो त्या पिंजऱ्यात हातपाय आखडून बसला होता. विमानात बाँब भरलेले होते. कांब्रेवर पोचायच्या आतच सारे आटोपले होते. तीव्र तिरकस रेषेत, चालकाविना, ते धूड गोदिआंप्रे गावाजवळच्या शेतांत येऊन आदळले. आदळताना डावा पंख एका झाडात अडकला आणि सारे विमान गरकन फिरले. त्या हिसक्याने घुमट तुटला, आणि आतला माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला गेला. बाँबही बहुतेक फुटले नाहीत. ब्रोफी शुद्धीवर आला तेव्हा तो एका झाडाच्या बुंध्याशी पडला होता. त्याने हात हलवून पाहिले, पाय हलवून पाहिले. सगळे जागच्या जागी होते.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, असे आपण सहज बोलून जातो. त्या म्हणीचा याहून भयंकर अर्थ मला तरी ठाऊक नाही. ज्याला सुटका होती तो मेला. ज्याला सुटका नव्हती तो उठून कपडे झाडीत उभा राहिला. मिनार्स्कीने पहिल्या क्षणी उडी मारली असती, तर दोघेही वाचले असते. मग त्याचे ते रांगत जाणे फुकट गेले म्हणायचे का? हिशेबी माणूस म्हणेल, हो. ब्रोफीला जन्मभर तसे वाटले नाही, आणि या बाबतीत बोलण्याचा अधिकार एकट्या त्यालाच होता.

पुढचे तीन महिने त्याने फ्रान्समध्ये लपून काढले. जर्मनांच्या पहाऱ्यात, पकडले गेल्यास आपले घरदार जाईल हे माहीत असूनही, साध्या शेतकऱ्यांनी आणि भूमिगतांनी त्याला आश्रय दिला. डी ब्रेयन, केली आणि बोडी यांनाही असाच आसरा मिळाला आणि ते परतले. विगर्स आणि फ्रायडे हे दोघे मात्र जर्मनांच्या हाती सापडले. या आसरा देणाऱ्या फ्रेंच बायाबापड्यांची नावे कुठल्याही पदकावर कोरलेली नाहीत. खरे तर त्यांच्यावर निराळा लेख व्हायला हवा.

सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रोफी इंग्लंडला पोचला आणि तेथे त्याला कळले, की अँडी गेला. तोवर अँडीचे काय झाले हे त्याला ठाऊक नव्हते, आणि अँडीने काय केले हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. या दोन अर्ध्या गोष्टी तीन महिने दोन ठिकाणी पडून होत्या. कांब्रेच्या वाटेवर पडलेल्या त्या विमानाची सरकारदप्तरी नोंद काय राहिली असती? चालक दलातला एक जण पॅराशूट पेटल्याने दगावला. बस्स. एवढेच!

युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, ब्रोफीने आपल्या जुन्या चालकाला सगळे सांगितले. डी ब्रेयन चाट पडला. आपण पुढच्या झडपेतून उडी मारली तेव्हा मागे, चाळीस-पन्नास फुटांवर, हे चालले होते! त्याने मग पत्रव्यवहार सुरू केला, वरिष्ठांपर्यंत बाब नेली, लावून धरली. अखेर ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अँड्र्यू मिनार्स्की याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. युद्ध संपून वर्ष उलटले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विनिपेगमध्ये ते पदक त्याच्या आईच्या हाती देण्यात आले. पोलंडहून दूर देशी येऊन, नवरा गेल्यावर पोरे वाढवणाऱ्या त्या बाईने ते हातात घेतले तेव्हा तिच्या मनात काय आले असेल, याची कल्पना लेखकाने न केलेली बरी. घरोघरच्या आयांना ती करता येईल.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय, हे मराठी माणसाला परके नाही. मिनार्स्की गेल्याला महिनाही झाला नव्हता, तोच १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या रायगड जिल्ह्यातला नाईक यशवंत घाडगे हेच पदक मिळवून पडला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा जवान. मशीनगनच्या माऱ्यात हाताखालचे सगळे शिपाई मेले किंवा जखमी होऊन पडले. तेव्हा हा एकटाच तीवर धावून गेला, हातबाँबने तिला गप्प केले, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने दोघांना लोळवले. मग दुसऱ्या बाजूने आलेल्या गोळ्यांनी तो पडला. माणगावला त्याचा पुतळा आहे. कोकणात जाणाऱ्या वाचकांनी तो पाहिला असेल. घाडगे याने दिवसाढवळ्या, आपल्या पलटणीच्या डोळ्यांदेखत शत्रू मारला. मिनार्स्कीने त्या रात्री कुणालाच मारले नाही. कुणाला वाचवताही आले नाही त्याला. तरी दोघांच्या छातीवर तेच पदक शोभते, आणि माझ्या मते पदक देणाऱ्यांनी यात चूक केलेली नाही.

येथे काही वाचकांच्या मनात एक गोष्ट सलत असेल. ती माझ्याही मनात आहे. ही विमाने फुले वाहायला गेली नव्हती. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर याच दलाने जो अग्निवर्षाव केला, त्यात तीस हजारांवर माणसे जळून, गुदमरून मेली. त्यांत बायका किती, पोरे किती! फ्रान्समध्येही रेल्वेची यार्डे मोडताना आजूबाजूच्या वस्त्यांतले हजारो फ्रेंच नागरिक दोस्तांच्याच बाँबखाली सापडले. ज्यांना मुक्त करायचे तेच मेले. यामुळेच युद्ध संपल्यावर इंग्लंडला आपल्या या दलाविषयी एक प्रकारचा संकोच वाटू लागला. विजयाच्या भाषणात चर्चिलसाहेबांनी त्यांचे नाव घेण्याचे टाळले. निराळे मोहीमपदक त्यांना कधीच मिळाले नाही. कपड्यावर लावायची एक लहानशी पट्टी मिळाली, तीही २०१३ मध्ये. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले ते जून २०१२ मध्ये. तोवर त्यांच्यातले बहुतेक स्मारकाची गरज न उरलेल्या ठिकाणी गेले होते. त्या स्मारकात सात ब्राँझचे सैनिक आहेत, नुकतेच मोहिमेवरून परतल्यासारखे, थकलेले. आणि तेथेच, १९३९ ते १९४५ या काळात बाँबफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचेही स्मरण कोरलेले आहे. मला वाटते हे शहाणपणाचे झाले. हुकूम देणाऱ्यांचा हिशेब वेगळा. विसाव्या-बाविसाव्या वर्षी शेपटातल्या पिंजऱ्यात जाऊन बसणाऱ्या पोरांचा वेगळा. या दोन वह्या एकत्र शिवू नयेत.

मिनार्स्कीचे नाव त्याच्या देशाने मात्र निगुतीने जपले. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे. मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेकडील सरोवरांच्या एका समूहाला त्याचे नाव दिले आहे. मिडलटन सेंट जॉर्जच्या जुन्या धावपट्टीचे पुढे मुलकी विमानतळात रूपांतर झाले. तेथे २००५ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला, तो तिकडच्याच एका वर्तमानपत्राने वाचकांकडून वर्गणी गोळा करून. पुतळा कसला असणार? सलाम करीत असलेला.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते स्मारक उडणारे आहे. युद्धकाळात ७,३७७ लँकेस्टर विमाने बांधली गेली. आज त्यांतली आकाशात जाऊ शकणारी फक्त दोन उरली आहेत. एक इंग्लंडमध्ये, दुसरे कॅनडातल्या हॅमिल्टन येथील संग्रहालयात. हे दुसरे माल्टनच्याच कारखान्यातले, पण लढाईवर कधी न गेलेले. युद्धानंतर ते समुद्रावर हरवलेल्यांचा शोध घेण्याच्या कामी लागले, आणि थकल्यावर एका गावात खांबांवर चढवून शोभेला ठेवले गेले. हौशी मंडळींनी ते खाली उतरवले आणि वर्षानुवर्षे खपून एकेक सुटा भाग दुरुस्त केला. सप्टेंबर १९८८ मध्ये ते पुन्हा उडाले, तेव्हा त्याच्या अंगावर अक्षरे रंगवलेली होती : व्हीआर-ए. मिनार्स्कीच्या विमानाची.

पॅट ब्रोफी तोवर हयात होता. १९९१ मध्ये तो वारला. चव्वेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याने ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : वर्तमानपत्रांना, मासिकांना, जो विचारील त्याला. त्या रात्री आपण का वाचलो, याविषयी त्याची एक ठाम समजूत होती. आपल्या डोळ्यांनी जे दिसले ते जगाला कळावे, एवढ्याचसाठी देवाने आपल्याला त्या झाडाखाली जिवंत ठेवले, असे तो म्हणे. कुणी याला भाबडेपणा म्हणेल. म्हणोत बापडे.

मिनार्स्कीची कबर फ्रान्समध्ये, आमियाँच्या पूर्वेस मेहारिकूर नावाच्या खेड्याच्या दफनभूमीत आहे. मोठे लष्करी स्मशान नाही ते. गावच्याच माणसांच्या थडग्यांशेजारी हवाई सैनिकांच्या काही पांढऱ्या शिळा आहेत, त्यांतली एक त्याची.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये हॅमिल्टनचे ते विमान अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेले. जगातली दोन्ही उडती लँकेस्टर विमाने तेव्हा कित्येक वर्षांत प्रथमच शेजारी शेजारी उडाली, आणि ती पाहायला रस्तोरस्ती, शेतांच्या बांधांवर, माणसांची गर्दी लोटली. त्याच दौऱ्यात ते ईशान्येकडच्या त्या विमानतळावरही उतरले. सत्तर वर्षांपूर्वी जूनमधल्या एका संध्याकाळी ज्या धावपट्टीवरून केबी ७२६ उडाले होते, तिच्यावर व्हीआर-ए अक्षरांचे विमान पुन्हा चाके टेकून उभे राहिले. शेपटातला घुमट त्यालाही आहे.